अशा दिवसांत गाणे शोभते का?

वाचकाचे पत्र

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३६, शाळेत शिक्षिका आहे. आमच्या जत्रेला दरवर्षी गावातलीच माणसे संगीत नाटक करतात. लग्न होऊन या गावात आल्यापासून मी त्यात गाते आणि किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तली नायिका सुभद्रा माझ्याकडे आहे. २०२० आणि २०२१ साली प्रयोग झाला नाही. त्यातच २०२१च्या मे महिन्यात आमचे ऑर्गनवादक कोरोनाने गेले. मला एकेक पद त्यांनीच बसवून दिले होते. तेव्हापासून नाटक पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न दरवर्षी होतो आणि दरवर्षी काहीतरी मोडते. यंदा देवळाच्या मानकरी महाजनांच्या दोन गटांत वाद पेटला आणि प्रकरण मामलेदारांकडे गेले. देवळाच्या मंडपात कार्यक्रमाला परवानगी मिळेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. आमचा अर्जुन एका गटातल्या घरचा आणि कृष्ण दुसऱ्या गटातल्या घरचा असल्यामुळे दोघे एका तालमीला येत नाहीत. तरुण मुले म्हणतात, ट्रॅकवर, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर गाऊ. माझे सासरे चवथीपासून पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. मी कां-कू केली तेव्हा ज्येष्ठ म्हणाले, ‘बालगंधर्वांची मुलगी गेली तरी त्यांनी प्रयोग थांबवला नाही.’ अशा दिवसांत तोंडाला रंग लावून गाणे शोभते का? आणि मी नाही म्हटले, तर नाटक माझ्यामुळे बंद पडले असे होईल का?

— एक सुभद्रा, फोंडा तालुका

उत्तर

प्रिय सुभद्रा,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळे तुमचा जीव टांगणीला लागला आहे, असे मला वाटते. गावाचे नाटक यंदा कसे आणि कुठे व्हावे, हा एक प्रश्न. त्यात तुम्ही उभे राहावे की नाही, हा दुसरा. ज्येष्ठांनी बालगंधर्वांचे नाव घेऊन या दोन्ही प्रश्नांची एकच मोट बांधली, म्हणून आधी त्या आठवणीविषयीच लिहिते.

१२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत केला, त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या वारली आणि तरीही ते नायिका भामिनीच्या वेशात रंगमंचावर आले, हे खरे आहे. ही हकिगत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तालमीला कुणी दांडी मारली की ती निघते, कुणाला ताप भरला की निघते. पण सांगणारे त्यातली एक गोष्ट गाळतात, ती ही की तो निर्णय बालगंधर्वांचा स्वतःचा होता. आपल्या दुःखाचे काय करायचे हे एका बापाने ठरवले आणि ते ठरवण्याचा अधिकार केवळ त्याचाच होता. दुसऱ्या कुणी त्यांना ‘उभे राहा’ म्हणून भाग पाडले असते, तर त्याच गोष्टीला आपण निष्ठुरपणा म्हटले असते. शिवाय ती पगारी माणसांची, बिऱ्हाडे पाठीवर घेऊन गावोगाव फिरणारी व्यावसायिक मंडळी होती. तुमचे नाटक हौशी आहे. एका माणसाच्या दुःखाचा दाखला देऊन दुसऱ्याकडून होकार काढून घेणे मला मान्य नाही, आणि मी ज्येष्ठांच्याच पिढीतली असल्यामुळे हे त्यांना माझ्या नावाने सांगायला तुम्हाला माझी पूर्ण मुभा आहे.

त्यांना आणखी एक गोष्ट आठवण करून द्या. तुमच्या घरी उद्या सुतक आले, तर देवळाच्या मंडपात तुम्हाला पाऊलही ठेवता येणार नाही आणि तेव्हा हेच ज्येष्ठ तुम्हाला प्रथम थांबवतील. म्हणजे सुभद्रा ऐन वेळी नसण्याची शक्यता त्यांच्याच रीतिरिवाजात धरलेली आहे. सासऱ्यांची प्रकृती पाहता ती आज मोकळेपणाने बोलून ठेवणे अशुभ नाही. उलट घरातल्या आजारी माणसाचा तो मान आहे, कारण नाटकाची तारीख जवळ आली म्हणून त्यांच्या श्वासाकडे कुणी धास्तीने पाहत बसणार नाही. तेव्हा गावात दुसरी सुभद्रा तयार करा. भजनात गाणारी, सुरात असलेली एखादी अठरा-वीस वर्षांची मुलगी तुमच्या डोळ्यांपुढे नक्की असेल. तिला आजपासून शेजारी बसवा, आपली वही तिच्या हातात द्या आणि तुमच्या गुरुजींनी जिथे श्वास घ्यायला शिकवले त्या जागांवर पेन्सिलीने खुणा करून द्या. प्रयोगाच्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात तर ती कुसुमावतीची दुय्यम भूमिका करील, आणि तुम्हाला घरी थांबावे लागले तर ती सुभद्रा करील. नाटक तुमच्यामुळे बंद पडण्याचा प्रश्न मग उरत नाही. ही व्यवस्था खरे म्हणजे मंडळाने अनेक वर्षांपूर्वीच करायला हवी होती, आणि ती न केल्याचा भार आता एकट्या तुमच्या डोक्यावर येणे अन्यायाचे आहे.

माझी आई गेली त्या वर्षी माझ्याकडेही मोठी भूमिका होती. सुतक फिटले होते, तारखेला अजून आठ दिवस होते आणि मी उभी राहिले असते तर कुणी बोट दाखवले नसते. पण पहिल्याच तालमीत एका साध्या वाक्यावर माझा आवाज बसला आणि मी थांबले. ती भूमिका दुसऱ्या मुलीने केली. मी त्या रात्री विंगेत पत्र्याच्या खुर्चीवर बसून, मांडीवर वही आणि हातात छोटी बॅटरी घेऊन प्रॉम्प्टिंग केले. तिचे शब्द एकदाही अडले नाहीत, पण प्रत्येक पदाआधी ती माझ्या बाजूला नजर टाकायची आणि मी मान हलवायची. त्या वर्षी मी नाटकात नव्हते, असे मला आजही वाटत नाही. उभे न राहताही नाटकात असता येते, एवढ्यासाठी हे लिहिले.

आता तुमचा मूळ प्रश्न, शोभते का? आपल्याकडे जत्रेच्या नाटकाआधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात, त्यात काय मागितले जाते ते नीट आठवा. गावावरचे अरिष्ट टळू दे, कुणाचे दुखलेखुपले असेल ते दूर कर, जे परगावी आहेत त्यांना सांभाळ. म्हणजे गावात दुखणे आहे हे धरूनच आपले नाटक सुरू होते. आणि सुभद्रा स्वतः काय गाते? ‘वद जाऊ कुणाला शरण’. भाऊ तिचे लग्न मनाविरुद्ध ठरवतो, ज्याच्यावर जीव जडला तो परागंदा झालेला, आणि ती विचारते की आता मी कुणाकडे जाऊ. ज्या गावात मे २०२१ मध्ये माणसांना आपल्या माणसांचे शेवटचे दर्शनही नीट घेता आले नाही, त्या गावाने हे पद एकत्र बसून ऐकण्यात अशोभनीय काहीही नाही. माझे उत्तर म्हणूनच स्पष्ट आहे. गाणे शोभते. मात्र ते तुमच्या गळ्यातून आणि याच वर्षी आले पाहिजे, असा आग्रह शोभत नाही.

एक सावधगिरी येथेच लिहिते. गोव्यात जन्मलेल्या आणि १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ या संगीत नाटकामुळे घराघरांत पोहोचलेल्या अभिनेत्री आशालता वाबगावकर सप्टेंबर २०२० मध्ये गेल्या, साताऱ्याकडे मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी त्यांना कोरोनाची लागण झाली होती. ती बातमी ऐकून मी दोन दिवस सुन्न होते. कलावंत माणूस कामाला ‘नाही’ म्हणत नाही, म्हणून त्याच्या वतीने इतरांनी काळजी घ्यायची असते. तुमच्या मंडळात सत्तरी ओलांडलेली माणसे असतील आणि तुमच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. ज्याला ताप-खोकला असेल त्याने तालमीला यायचे नाही, हा नियम कोणताही संकोच न बाळगता करा.

नाटकाविषयी माझे मत एवढेच आहे की प्रयोग पुढे ढकलता येतो, तालीम पुढे ढकलता येत नाही. दोन वर्षांच्या खंडानंतर आमच्या ओळखीच्या एका मंडळाने पुन्हा सुरुवात केली तेव्हा मी पाहायला गेले होते. भाषणे बहुतेकांना पाठ होती, चाली विसरल्या नव्हत्या. पण श्वास आखूड झाले होते, आणि पद संपल्यावर भाषणावर परत येताना प्रत्येक जण क्षणभर अडखळत होता. गद्यातून पद्यात जाण्याची आणि परत येण्याची ती जी वाट असते, ती नुसत्या पाठांतराने राहत नाही, ती पायाखालीच ठेवावी लागते. म्हणून अर्जुन आणि कृष्ण एकत्र येत नसतील तर येऊ नयेत. अर्जुनाची आणि तुमची तालीम एका दिवशी ठेवा, कृष्ण आणि रुक्मिणीची दुसऱ्या दिवशी. कृष्ण-रुक्मिणीचे प्रवेश बरेचसे स्वतंत्र आहेत, त्यांना अर्जुनाची गरज नाही. दोन गटांचे भांडण मिटवणे हे नाटकाचे काम नाही आणि ते तुम्ही अंगावर घेऊही नका. पण दोन्ही घरांतली माणसे आठवड्यातून एकदा तीच पदे म्हणत राहिली, तर भांडण निवळेल त्या दिवशी नाटक तयार असेल.

पूर्ण नाटकाचा हट्टही यंदा सोडा. काटछाट केली तर परंपरेचा अपमान होतो असे कुणी म्हणाले, तर त्याला इतिहास सांगा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ज्या ‘शाकुंतल’ने मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले, त्याचे त्या रात्री चारच अंक झाले होते. ‘सौभद्र’ही १८ नोव्हेंबर १८८२ रोजी प्रथम लोकांपुढे आले ते तीन अंकांचे, पूर्ण नाटक पुढल्या वर्षी आले. खुद्द अण्णासाहेब किर्लोस्करांनी जेवढे तयार होते तेवढे रंगमंचावर आणले. मग तुमच्या गावाने यंदा दोन अंक, किंवा निवडक चार प्रवेश केले, तर कमीपणा कसला? दोन तासांत बसणारे नाटक करण्याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर. आणि आपल्या जत्रेची नाटके तर एके काळी दहानंतरच सुरू होत. वादाच्या वर्षी तक्रार करायला कुणीतरी टपलेलेच असते. संध्याकाळी साडेसहाला नांदी झाली तर नऊपर्यंत सगळे घरी पोहोचतील, आणि सासऱ्यांपाशी बसलेल्या माणसालाही रात्रभर जागावे लागणार नाही.

ट्रॅकचा मुद्दा मात्र मी सहज सोडणार नाही. तरुणांचा हेतू चांगला आहे, ऑर्गनवाला नाही म्हणून नाटकच नको असे त्यांना म्हणायचे नाही, याबद्दल त्यांचे कौतुक करावे. पण त्यांनी बहुधा ऑर्गनवाल्याला काम करताना जवळून पाहिलेले नाही. तो स्वरपट्टीकडे पाहत नाही, तो गाणाऱ्याच्या खांद्याकडे पाहतो. भाषणाचे शेवटचे दोन शब्द उरले असताना त्याचा उजवा हात हलकेच षड्ज देतो, प्रेक्षकाला तो वेगळा ऐकूही येत नाही, आणि नट त्या सुरावर पाऊल ठेवावे तसा पदात शिरतो. एकदा एका पदाच्या अंतऱ्यात मला तिसरी ओळ आठवेना. माझी मान किंचित वळली, एवढ्यावरून आमच्या ऑर्गनवादकांनी त्या ओळीचे स्वर ठळक वाजवले, तबलजींनी एक आवर्तन वाढवले, आणि ओळ परत आली. समोरच्या लोकांनी त्या जागेला टाळ्या दिल्या, त्यांना वाटले बाईंनी मुद्दाम थांबून घेतले. ट्रॅक असता तर तो मला तिथेच सोडून पुढे गेला असता. ‘वन्स मोअर’ आला तर ट्रॅक काय करणार, दम लागला तर तो कुणासाठी थांबणार? आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात पाहा, पडद्यांच्या मधल्या कांतारांना, म्हणजे गाण्यांना, बँड प्रत्यक्ष वाजतो आणि कडव्याला टाळी पडली की गाणारा आणि वाजवणारा एकमेकांकडे पाहून पुढचे ठरवतात. तेवढी देवघेव गेली की उरते ते पाठ म्हणून दाखवणे.

ट्रॅक तालमीला जरूर वापरा. टाळेबंदीत आम्ही व्हिडिओ कॉलवर साथीचा प्रयत्न केला होता. पलीकडून येणारा ठेका क्षणभर मागे पडायचा आणि सम कधीच एका जागी येईना, तेव्हा ऑर्गनवादकांनी ठेका आणि सूर ध्वनिमुद्रित करून पाठवले, आणि त्यावर मी घरी रोज गायले. रियाजापुरते ते फार उपयोगी पडले. प्रयोगाला मात्र जिवंत साथच हवी. संपूर्ण ऑर्गनवादक मिळत नसेल तर गावातल्या भजनाचा पेटीवाला घ्या. त्याला सगळी पदे झेपणार नाहीत, म्हणून पदे कमी करा. मूळ संहितेतली सगळी पदे आज कुणीच म्हणत नाही. आठ पदे जिवंत साथीवर झालेली मला पंचवीस पदे ट्रॅकवर झाल्यापेक्षा अधिक मोलाची वाटतात.

जागेविषयी थोडक्यात. मंडपाची परवानगी मागणारा अर्ज दोन्ही गटांतल्या कलाकारांच्या सह्यांनी एकत्र द्या. मामलेदारांपुढे तो कागद कोणत्याही एका गटाचा ठरणार नाही. परवानगी नाकारली तर लगेच फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिराकडे धावू नका. सभागृह उत्तम आहे, पण त्याचे भाडे, गाड्यांची सोय आणि ‘नाटक गावातून बाहेर नेले’ ही बोलणी यंदा तुम्हाला परवडणार नाहीत. कुणाचेही नाव न लागणारी जागा, म्हणजे शाळेचे पटांगण किंवा वादात नसलेल्या एखाद्या घराचे मोठे अंगण पाहा. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले तरी मे महिन्यात पाणी ओसरले की तिथले लोक आजही आपल्या सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकर त्याच गावच्या, आणि लहानपणी त्याही चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक मंडळीत होत्या. पाणी ज्या महिन्यात वाट देते त्या महिन्यात उत्सव, हे त्या लोकांनी स्वीकारले आहे. जत्रेच्या तिथीला मंडप मिळाला नाही तर तुमचे नाटक शिगम्याला होईल, चैत्रात होईल.

आणि तारीख हलवायची झाली तर आधी कळवा. हौशी नाटकावर आपली चूल अवलंबून नसते, पण वेशभूषा पुरवणारा ड्रेपरीवाला, मेकअपमन, पडदे आणि ध्वनीची सामग्री भाड्याने देणारे, बाहेरून येणारा तबलजी, यांचे वर्ष जत्रांच्या याच महिन्यांवर चालते. मार्च २०२० पासून या माणसांनी काय दिवस काढले ते मी पाहिले आहे. त्यांना दिलेला विसार परत मागू नका, आणि नवी तारीख ठरली की पहिला फोन त्यांना करा.

शेवटी तुमच्या गुरुजींचा ऑर्गन. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख केला नाही, म्हणजे तो त्यांच्या घरी कापडाखाली झाकलेला असेल, असा माझा अंदाज आहे. त्यांच्या घरच्यांना भेटा आणि तो यंदा तालमीला वापरू का, असे विचारा. ते हो म्हणतील किंवा रडतील, बहुधा दोन्ही करतील. गोव्याच्या चार-पाच पावसाळ्यांत भाता फाटतो, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, काही सूर गंजतात, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला आधी दाखवा आणि मगच त्याच्या पेडलवर पाय ठेवा. तुम्हीही इतक्या वर्षांनंतर एकदम जुन्या पट्टीत गाऊ नका. काळी चारमध्ये गात असाल तर पहिले पंधरा दिवस अर्धा सूर खाली, पांढरी पाच धरा. रविवारी सकाळी, सासऱ्यांची अंघोळ-न्याहारी झाल्यावर, त्या मुलीला घरी बोलवा आणि त्यांच्या खोलीचे दार उघडे ठेवून पहिले पद तिला सांगा.

तुमची,
बाई